दुसऱ्या रकान्यातली सही

मावशींनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि जणू आपलंच काहीतरी चुकलंय अशा आवाजात म्हणाल्या, "ताई, चष्मा झकास आहे हो. फक्त मान धरते."

"चष्म्याने मान धरते?"

"चष्म्याने नाही. कापड नाकाला टेकवून शिवावं लागतं, त्याने."

मंगळवारची सकाळ होती. दुकानाच्या काचा पुसून ताई नुकतीच आत आली होती, हातात अजून ओलं फडकं होतं. मावशी समोरच्या गल्लीत कपडे शिवत, पडद्यांपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं. दोन महिन्यांपूर्वी सेवा मंडळाच्या शिबिरात त्यांना हा चष्मा मिळाला होता. लोकांनी दिलेले जुने चष्मे गोळा करायचे, धुवायचे, प्रत्येकाचा नंबर मोजून दांडीला चिठ्ठी लावायची आणि डॉक्टरांनी ज्याला जो नंबर सांगितला त्याला तो चष्मा द्यायचा, हे मंडळाचं एकतीस वर्षांचं काम. मंडळ सुरू केलं ताईच्या बाबांनी. चष्म्यांचं हे दुकानही त्यांचंच. सहा वर्षांपूर्वी ते ताईच्या हाती सोपवून बाबांनी आपलं बस्तान मंडळाच्या खोलीत हलवलं होतं.

"मग दोन महिने बोलला का नाहीत?"

"अहो, दिलेल्या चष्म्याला नावं कशी ठेवायची? त्यातून तुमच्या बाबांनी स्वतः मोजलेला! म्हटलं, माझीच मान म्हातारी झाली."

ताईने चष्मा यंत्राखाली धरला. दुकानातलं यंत्र नव्या पद्धतीचं होतं, लेन्स टेकवली की आकडा छापून देणारं. मावशींना डॉक्टरांनी प्लस दीड सांगितला होता. दांडीवरच्या चिठ्ठीवर बाबांच्या वळणदार अक्षरात प्लस दीडच होता. यंत्राने कागदाची जीभ बाहेर काढली. त्यावर छापलं होतं, प्लस सव्वादोन.

तिने लेन्स पुसली, पुन्हा टेकवली. सव्वादोन. तिसऱ्यांदाही सव्वादोन.

कपाटातला दीडचा चष्मा काढून तिने मावशींना दिला. मावशींनी तो डोळ्यांवर चढवला, ब्लाउजला खोचलेली सुई काढली, लांब धरली आणि एका दमात दोरा ओवला.

"अगं बाई! हिला भोक आहे की!"

ताई हसली, पण तिचं लक्ष त्या कागदाच्या जिभेकडेच होतं. पाऊण नंबर. अर्धा नाही, एक नाही. बरोबर पाऊण.

"मावशी, चूक आमची आहे," ती म्हणाली. "तुमच्या मानेची नाही."

मावशी गेल्यावर तिने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि मंडळाच्या खोलीकडे निघाली.

खोली टपाल कचेरीच्या मागे होती. एका भिंतीला चष्म्यांची फळी, एक धुण्याचं बेसिन, एक लांब टेबल. टेबलावर बाबांचं जुनं यंत्र होतं, हातानं चाक फिरवायचं. त्यात आयपीसला डोळा लावून आतल्या हिरव्या रेघा स्पष्ट दिसेपर्यंत चाक फिरवायचं आणि चाकावरचा आकडा वाचायचा. बाबा नव्या यंत्राला 'बटणांचा डबा' म्हणत. पाहणाऱ्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवून जुळवायच्या आयपीसच्या कड्याभोवती त्यांनी जखमेला लावायची पट्टी घट्ट गुंडाळून ठेवली होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने कडं फिरवू नये. पट्टी आता काळपट झाली होती.

यंत्राच्या वर, भिंतीवर, काचेच्या चौकटीत ते कार्ड होतं. मंडळाचे नियम. एकतीस वर्षांपूर्वी बाबांनीच शाईच्या पेनाने लिहिलेल्या तीन ओळी:

मी हे स्वतः तपासलं आहे का?
ज्याच्यासाठी करतो, त्याला हे उपयोगी आहे का?
चूक झाली, तर ज्याला ती भोवेल त्याला मी सगळ्यांत आधी सांगेन का?

दर गुरुवारी सभेच्या सुरुवातीला सगळे उभे राहून या तीन ओळी म्हणत. ताईने त्या इतक्या वेळा म्हटल्या होत्या की आता म्हणताना तिच्या डोक्यात दुकानाचे हिशेब चालू असत.

फळीवरचे बारा चष्मे तिने डोळे मिटून उचलले, म्हणजे निवड केल्याचा दोष नको. दुकानात आणून एकेक मोजला. चिठ्ठी म्हणे एक, यंत्र म्हणे पावणेदोन. चिठ्ठी दोन, यंत्र पावणेतीन. मायनसमध्येही तेच: चिठ्ठीवर मायनस पावणेतीन, यंत्रावर मायनस दोन. बाराच्या बारा एकाच दिशेला सरकलेले.

ताई स्टुलावर बसली. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर मोजणाऱ्याचा हात हलतो, हे ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकली होती. सगळ्या एकाच बाजूला असतील तर हात नाही, डोळा.

बाबांचा डोळा.

आणि मग तिला तो पेपर आठवला. गेले सहा महिने बाबा ऐटीत सांगत होते, "या वयात मला पेपर वाचायला चष्मा लागत नाही! आपोआप सुटला." सगळ्यांनी कौतुक केलं होतं. तिनेही. तिने, जिचं पोट डोळ्यांच्या नंबरांवर भरतं! म्हाताऱ्या माणसाचा जवळचा चष्मा आपोआप सुटतो तो एकाच कारणाने. मोतीबिंदू पिकायला लागला की डोळ्याचा नंबर मायनसकडे घसरतो, जवळचं काही काळ स्पष्ट दिसतं आणि माणूस खूश होतो. तिने हे शंभर गिऱ्हाइकांना समजावलं होतं. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

तिने खोलीतून बरोबर आणलेली मंडळाची नोंदवही उघडली. प्रत्येक चष्म्यापुढे दोन रकाने होते. पहिला 'मोजला', दुसरा 'तपासला'. नियम साधा होता: मोजणारा एक, तपासणारा दुसरा. पहिल्या रकान्यात पानामागून पान बाबांची सही. दुसऱ्या रकान्यात पानामागून पान तिची.

तिने यातला एकही तपासला नव्हता.

सुरुवातीला तपासत असे. पण बाबांचं मोजमाप कधी चुकलंच नाही. मग ती दहात एक तपासू लागली, मग महिन्यात एक, मग दर शनिवारी येऊन एका बैठकीत सगळ्या सह्या ठोकू लागली. बाबांचं मोजलेलं काय तपासायचं? ते तिला त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटे. आता तिने वहीतल्या आपल्या सह्या पाहिल्या. तिची सही इतकी टापटीप होती!

घड्याळात दीड वाजला होता. तिने बोट ओळीओळीवरून खाली नेलं. प्लसवाले मान दुखवून घेतील, डोकं धरतील. मायनसवाल्यांना मात्र लांबचं पुसट दिसेल. मायनसवाल्यांत एक प्राध्यापक होते, एक गवंडी, एक... तिचं बोट थांबलं. 'बस ड्रायव्हर, शाळा. मायनस दोन.' सात आठवड्यांपूर्वीची नोंद.

शाळा अडीचला सुटत असे. फळीवरून आणलेल्या बारांत मायनस पावणेतीन लिहिलेला एक होता, जो खरा मायनस दोनचा निघाला होता. तो तिने खिशात टाकला आणि शटर खाली ओढून ती जवळजवळ धावतच निघाली.

ड्रायव्हर शाळेच्या फाटकाजवळ बसच्या पायरीवर बसून शेंगदाणे खात होता. तिला पाहून त्याने जागा केली.

"या ताई. आज इकडे कुठे?"

"भाऊ, हा चष्मा काढा."

"का? परत पाहिजे? मी बायकोला म्हटलंच होतं, एवढं चांगलं कुणी उगाच देत नाही."

"चुकीचा आहे. आम्ही तुम्हाला चुकीच्या नंबरचा दिला. तो समोरच्या वळणावरचा फलक वाचा बरं."

त्याने डोळे बारीक केले. "फलक आहे ना. अक्षरं म्हणजे मुंग्या."

ताईने खिशातला चष्मा त्याच्या हातात ठेवला. त्याने तो घातला आणि मान वर केली.

"'सावकाश जा. पुढे शाळा.'" तो हसला. "घ्या! हे तर मलाच सांगतायत."

मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो पायरीवरून उठला आणि बसमधल्या रिकाम्या बाकांकडे पाहत राहिला.

"ताई, माझ्या गाडीत बेचाळीस पोरं असतात."

"माहीत आहे."

"सात आठवडे."

 'कळलं नाही हो' असं म्हणणं खोटं झालं असतं. कळायची सोय होती. त्यासाठीच तो दुसरा रकाना होता.

घंटा झाली. मुलं लोंढ्यासारखी बाहेर आली. ड्रायव्हर आत चढला, आरसा नीट केला आणि जाताना खिडकीतून म्हणाला, "आज आलात ते बरं केलंत. उद्या आला असता तर मी भांडलो असतो."

परतीच्या वाटेवर बेकरी होती. बेकरीवाले मंडळाचे अध्यक्ष, मनाने दिलदार आणि आवाजाने गावभर. भट्टीच्या उबेत उभं राहून ते एका मोठ्या केकवर रेघ ओढत होते.

"ये ये ताई! ओळख काय आहे ते. चष्मा! दोन काचा, मधे पूल. रविवारसाठी नमुना आहे हा."

रविवारी समारंभ होता. वरच्या मंडळाचे प्रमुख येणार होते. बाबांच्या हातून पाच हजारावा चष्मा दिला जाणार होता आणि एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल त्यांना मानाची ढाल मिळणार होती. सभागृह ठरलं होतं, दोनशे खुर्च्या सांगून झाल्या होत्या.

ताईने सगळं सांगितलं. बेकरीवाल्यांचा हात केकवर थबकला.

"किती चष्मे?"

"अजून पूर्ण मोजायचे आहेत. शंभराच्या वर."

"पाऊणच ना पण? म्हणजे पुरा एकसुद्धा नाही?"

"तुमच्या पावात पाऊण चमचा मीठ जास्त पडलं तर?"

"ते वेगळं गं. बरं, हे बघ, सोमवारी सांगू. सोमवारी मी स्वतः दारोदार फिरतो, शब्द देतो. पाच-सहा दिवसांत काय जग बुडतंय?"

"बसच्या ड्रायव्हरला मी आत्ता सांगून आले."

"मला विचारायच्या आधी?"

"तिसरी ओळ तुम्हीच दर गुरुवारी सगळ्यांत मोठ्याने म्हणता."

"अगं, म्हणतो म्हणजे..." ते गोंधळले. "ती म्हणायची असते, ताई." आणि आपण काय बोललो ते कानावर पडल्यावर त्यांनी घाईने पिठाचे हात झटकले. "आणि दादांचं, तुझ्या बाबांचं काय? त्यांना कोण सांगणार?"

"मी."

"त्यांचा जीव आहे त्या यंत्रात. तुला माहीत आहे. त्या खुर्चीवरून उठवलंस तर माणूस बसल्याजागी वाळेल. मी सांगतो ते ऐक. यंत्र बिघडलं म्हण. खरंच सांगतो, यंत्र बिघडलं म्हण. यंत्राला काय, वाईट वाटत नाही. दादा सुटले, तू सुटलीस, चष्मे गपचूप बदलून देऊ."

वाट सोपी होती. ताई दुकानात परत येईपर्यंत ती सोपी वाट तिच्याबरोबर चालत आली.

खोलीतल्या फळीवरचे उरलेले चष्मेही तिने दुकानात आणून मोजले. वर्षभराच्या न दिलेल्या चष्म्यांवर तारखा होत्याच. तिने आलेखाचा कागद काढला, आडव्या बाजूला आठवडे मांडले, उभ्या बाजूला फरक. आठ महिन्यांपूर्वीचे ठिपके शून्यावर. मग पाव. मग पावाच्या थोडे वर. चार महिन्यांपूर्वी अर्धा. मग पाऊण. तिने ठिपके जोडले आणि पेन्सिल खाली ठेवली. इतकी गुळगुळीत रेघ तिला कॉलेजातही कधी मिळाली नव्हती. बाबांचा डोळा आठवड्या-आठवड्याने कसा मावळत गेला ते तिच्यापुढे कागदावर होतं. ते टिपलं होतं बाबांनीच, एकही दिवस न चुकवता. आणि खाली सही तिची होती.

वहीतल्या तारखांवरून अर्धा किंवा त्याहून जास्त चुकलेले आणि लोकांना देऊन झालेले चष्मे एकशे त्रेचाळीस भरले.

पाच वाजता ती मंडळाच्या खोलीत पोचली, तोच बाबा आले. बरोबर आत्या, त्यांची धाकटी बहीण. हल्ली ती त्यांना रस्ता ओलांडायला हात देई आणि तोंडाने मात्र उसंत देत नसे.

"समजाव बाई तुझ्या बापाला," आत्या दारातूनच सुरू झाली. "चहा कपाबाहेर ओततो आणि म्हणतो कपाला गळती आहे. महिनाभरात तीन कप बदलले."

"गळती आहेच," बाबा म्हणाले आणि यंत्रापुढे आपल्या खुर्चीत बसले.

ताईने दार लोटलं. वही, आलेख आणि बारा चष्मे टेबलावर मांडले.

"बाबा, चष्मे चुकलेत. गेल्या काही महिन्यांतले. सगळे एकाच बाजूला, आता पाऊण नंबराने."

बाबांनी एक चष्मा उचलला, चिठ्ठी जवळ धरून वाचली, खाली ठेवली. त्यांची बोटं यंत्राच्या चाकावरून फिरली.

"यंत्र म्हातारं झालंय," ते शेवटी म्हणाले. "आतला स्क्रू ढिला झाला असेल. नाही का?"

त्यांनी मान वर केली. तिच्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी अंगणात काच फोडल्यावर तिने त्यांच्याकडे पाहिलं असावं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आत्यासुद्धा 'म्हण की' अशा नजरेने पाहत होती.

"नाही बाबा," ताई म्हणाली. "यंत्र ठीक आहे. तुम्ही स्वतः तपासा. लेन्स न ठेवता, रिकामं. आकडा शून्य यायला हवा."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय. आधी रिकामं, मग भरलेलं."

बाबांनी आयपीसला डोळा लावला. चाक मागे-पुढे झालं. थांबलं. "झाल्या रेघा स्पष्ट."

"आकडा वाचा."

ते चाकावर वाकले. जवळचं त्यांना खरंच छान दिसत होतं.

"मायनस पाऊण," बाबांनी वाचलं.

आत्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिनेही पदर तोंडाला लावला. बाबांनी पुन्हा डोळा लावला, पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा मायनस पाऊण. तिसऱ्या वेळी त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही.

"ही पट्टी कधी लावलीत?" ताईने विचारलं.

"नऊ वर्षं झाली."

"कडं नऊ वर्षांपूर्वीच्या तुमच्या डोळ्यासाठी बसवलेलं आहे. डोळा बदलला, कडं तिथेच राहिलं."

"मोतीबिंदू?"

"हो."

"म्हणून पेपर वाचता येतो."

"हो, बाबा."

ते खुर्चीत मागे टेकले. "किती लोक?"

"एकशे त्रेचाळीस."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"शिवणाच्या मावशींना. मग बसच्या ड्रायव्हरला. मग अध्यक्षांना."

"आणि मग मला."

"आणि मग तुम्हाला."

"क्रम बरोबर आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बरोबर नव्हता. त्यांनी वही पुढे ओढली, नाकाजवळ नेली, बोट दुसऱ्या रकान्यावर ठेवलं. "ही सही कुणाची?"

"माझी."

"माझा डोळा गेला. तुझा तर होता ना जागेवर?"

"होता." तिने आवाज सरळ ठेवला. "मी तपासलेच नाहीत. तुम्ही मोजलेत म्हणून सही करत गेले."

"मी मोजले म्हणून!" बाबांनी वही धाडकन मिटली. "अगं, म्हणून तर तो रकाना आहे. मी मोजले म्हणून! मी कोण लागून गेलो?"

"अरे, पोरीला किती बोलशील," आत्या मधे पडली. "तुझ्यासाठीच ना..."

"तू थांब. माझ्यासाठी केलं तेच सांगतोय मी." ते ताईकडे वळले. "तुझी चूक माझ्याहून मोठी आहे."

"हो," ताई म्हणाली. "आहे. गुरुवारी सभेत मी तसंच सांगणार आहे."

 बाबांनी आयपीसवरची पट्टी नखाने खरवडायला घेतली. नऊ वर्षांचा डिंक होता, सुटता सुटेना. ताई मदतीला वाकली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. शेवटी पट्टी तुकड्यातुकड्यांनी निघाली. तिची त्यांनी बारीक गोळी केली आणि ती खिशात टाकून ते उठले.

दारात थांबून ते म्हणाले, "रविवारचं रद्द करू नका. खुर्च्या सांगून झाल्यात."

बुधवारभर बाबा तिच्याशी बोलले नाहीत. पण दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून तिला बातम्या लागत होत्या. बाबा फोन करत होते. आत्या वहीतून फोनचे नंबर वाचून दाखवी, बाबा प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवत: "मी तुमचा चष्मा चुकीचा मोजला. रविवारी सभागृहात घेऊन या." आत्या पुढे जोडे, "आणि केक आहे म्हणावं." प्राध्यापकांनी दहा मिनिटं वाद घातला म्हणे. गवंड्याने एवढंच म्हटलं, "दादा, भिंत वाकडी का दिसते ते आत्ता कळलं."

गुरुवारी सगळे उभे राहिले आणि तीन ओळी म्हटल्या. या वेळी बेकरीवाल्यांचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. मग ताईने सगळ्यांपुढे दुसऱ्या रकान्याची गोष्ट सांगितली, काही न लपवता.  कुणीतरी म्हणालं, "आता दुसरा रकाना कोण भरणार?" बाबा मागच्या बाकावरून म्हणाले, "ते मी ठरवलंय."

त्यांनी मावशींना ठरवलं होतं. बुधवारपासूनच दुपारी खोलीत शिकवणी सुरू झाली होती.

"मला कशाला हो?" मावशी म्हणाल्या होत्या. "मी सातवी शिकलेली."

"तू दिवसभर सुईच्या भोकातून बघतेस. रेघ जुळली कधी आणि हुकली कधी, ते तुला आमच्यापेक्षा आधी कळेल. आणि तू आमच्या नात्यातली नाहीस, हे सगळ्यांत चांगलं." बाबांच्या शिकवण्यात गोडवा नव्हता. "आधी कडं पूर्ण बाहेर. मग हळू आत. हळू! कपडा दामटवतेस का?" मावशीही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "दादा, तुम्ही ओरडलात की माझी रेघ हलते. तोंड तिकडे करा बघू." बाबांनी खरोखर तोंड तिकडे केलं होतं.

रविवारी सभागृहात खुर्च्या भाषणासाठी नाहीत, रांगेसाठी लागल्या. ताईने दुकानातलं यंत्र आणून टेबलावर ठेवलं होतं, त्याच्या शेजारी बाबांचं जुनं. पहिला रकाना ताईचा, दुसरा मावशींचा. दोन यंत्रं, दोन डोळे. दाराशी बाबा आणि आत्या. आलेल्या प्रत्येकापुढे बाबा उभे राहून तेच वाक्य पुन्हा म्हणत होते. फोनवर म्हणून झालं होतं, तरी तोंडावर म्हणायचं बाकी होतं.

वरच्या मंडळाचे प्रमुख ढाल घेऊन वेळेवर आले. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि रांगेतल्या लोकांना पाणी द्यायच्या कामाला लावलं. "ढाल टेबलावर ठेवा. आधी चष्मे." ते बिचारे कोट काढून जग घेऊन फिरू लागले. पाच हजारावा चष्मा देणं राहूनच गेलं. एकशे त्रेचाळीस परत घ्यायचे म्हटल्यावर आकडा मागे गेला आहे, असं बाबांचं म्हणणं होतं. बेकरीवाल्यांनी केक मात्र आणलाच होता. कापताना ते म्हणाले, "दोन्ही काचा सारख्या आहेत का ते आधी कुणीतरी तपासून घ्या रे," आणि मग स्वतःच सगळ्यांत आधी हसले.

दुपारपर्यंत सत्त्याण्णव लोक आले. उरलेल्यांकडे सोमवारपासून घरी जायचं ठरलं. बेकरीवाल्यांनी दिलेला शब्द आत्याने त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेतला. एक निवृत्त टपालवाले आजोबा चष्मा परत द्यायलाच तयार नव्हते. "मला यातूनच बरं दिसतं," ते छातीशी धरून म्हणाले. ताईने बरोबर नंबराचा घालून पाहायला लावला. त्यांनी घातला, चारी बाजूंना पाहिलं, काढून ठेवला. "यातूनच बरं दिसतं. तुम्ही काय ते लिहा." ताईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "दुसरी ओळ. त्यांना उपयोगी आहे ना? राहू दे."

त्याआधी, साठाव्या चष्म्याच्या आसपास ताईचे डोळे चुरचुरू लागले. यंत्र आकडा छापत होतं, ती वहीत उतरवून सही करत होती, वही मावशींकडे सरकत होती. मावशी दरवेळी आधी यंत्र रिकामं पाहत, मग चष्मा ठेवत. त्यांना तिच्या दुप्पट वेळ लागत होता. रांग वाढत होती आणि ताईला ओठांवर आलेलं 'चला ना मावशी' गिळावं लागत होतं.

"ताई," मावशी एकदम म्हणाल्या आणि थांबल्या. गाल लाल झाले. "माझंच चुकलं असेल."

"काय?"

"मी तीनदा पाहिलं. मला उजव्या काचेचा एक येतो, डाव्या काचेचा पावणेदोन. तुम्ही उलटं लिहिलंय. पण तुम्ही शिकलेल्या..."

रांगेतले दोघं-तिघं माना लांबवून पाहू लागले. ताईचा हात आपोआप वहीकडे गेला. 'नाही हो, बरोबर आहे' हे शब्द तिच्या जिभेवर तयारच होते, सवयीचे, विचार न करता आलेले.

दाराशी बाबांनी बोलणं थांबवलं होतं. त्यांना इतक्या लांबून तिचा चेहरा दिसत नसणार. कान मात्र शाबूत होते.

"मग?" ते तिथूनच म्हणाले. "सही करू नकोस, मावशी. ती परत बघेल."

ताईने मावशींच्या हातातून चष्मा घेतला. यंत्र रिकामं असताना शून्य दाखवतं का ते आधी पाहिलं. मग उजवी काच टेकवली आणि कागद बाहेर यायची वाट पाहिली. एक. मग डावी. पावणेदोन.

तिने वहीतल्या आपल्या दोन आकड्यांवर आडवी रेघ मारली, शेजारी बरोबर लिहिले, त्यापुढे पुन्हा सही केली आणि वही मावशींकडे सरकवली.

"मावशींचं बरोबर आहे," ती मोठ्याने म्हणाली, दारापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. "पुढचा चष्मा द्या."